अष्टमीला गुराब खाडीत

दयाराम तांडेलाला कादंबरी वाचून दाखवायचं पुण्यकर्म मीच अंगावर घेतलं होतं. जन्मभर त्याने पनवेल बंदरातून शिडाची गलबतं हाकली; आता डोळ्यांत मोतीबिंदू. उद्या लेक त्याला कायमचा उरणला नेणार, आणि शेवटची चार पानं राहिलेली. ऐकायला घेतलेलं आख्यान अर्धवट राहू नये, ही माझी श्रद्धा. पण पाच वाजता देवळात बुवांचं कीर्तन होतं, आणि बुवांचं नमन मी आजवर चुकवलेलं नाही.

घाईघाईने पान उघडलं. काय प्रसंग होता! मागे फिरंग्यांचं थोरलं जहाज, तोफांचा धूर, पुढे आपल्या आरमाराचं हलकं लढाऊ गलबत, एकटी गुराब. बुवांच्याच थाटात मी आवाज चढवला, "अष्टमीच्या भर दुपारी गुराब खाडीत घुसली—"

"थांबा, मास्तर. कशी घुसली?"

"शिडं उभारून!"

"तिथीची पाऊनपट करा. आठाचं सहा. भरती सकाली सहाला, नायतर सांजच्याला सहाला. बाराला खाडीत निस्ता चिखल. गुराब काय बैलांनी ओढली?"

"अरे, गोष्ट आहे ती!"

"गोष्ट हाय म्हनून दर्या वसरायचा थांबतो? तुमी गोष्टीत एकादशीला मटन खाता का?"

त्याने हाताची घडी घातली. "गुराब भायेरच हाय. मी नाय आत येऊ देनार."

देवळातून पेटीचा सूर लागला. देवाची क्षमा मागून मी छापील अक्षर बदललं, "पौर्णिमेच्या भर दुपारी—"

"हां! पुनवेला पंधराचं सव्वाअकरा. बाराला खाडी भरलेली." तो खुलला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "मंग मागचा मोटा जहाजबी आत येल की! पानी त्यालाबी मिलाला."

मी कपाळावर हात मारला. पुस्तकात ते जहाज चिखलात रुतणार होतं! "मग आता काय करू, बाबा?"

"त्याला दोन-तीन तास मागं ठेवा. वसरत्या पान्यात आला का अडकलाच."

ठेवलं मागे. अडकलं. दयारामने मांडीवर थाप मारली. "रुतला! मेला, रुतला!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी पुस्तक मिटलं. नमन केव्हाच झालं होतं. धावलो असतो तर उत्तररंग तरी पदरात पडला असता. चपला पायात सरकवल्या.

"मास्तर, भरतीपासून परत वाचा ना. मगाशी धड आयकलाच नाय."

"मधेमधे बोलत कोण होतं?" मी ओरडलो.

आणि चपला काढून पुन्हा बसलो. "पौर्णिमेच्या भर दुपारी—"