गुडच्या पुढचा शब्द

नातीला मराठी येत नाही आणि किल्लीवाल्या आजोबांना इंग्रजी. परदेशातल्या मुला-सुनेला धड जेवायला सवड नाही, तर मध्ये बसून अर्थ कोण सांगणार? त्यामुळे रविवारी फोनवर आजोबा आणि नात नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, एक ‘गुड’ धरून ठेवा. पुढे काहीही जोडा, वेळ निभावते."

आठवडाभर किल्ल्या घासता घासता आजोबांनी घोकंपट्टी केली. ऐकायला दुकानात होतं कोण, तर भिंतीवरची कुलपं.

रविवारी नात पडद्यावर दिसताच ते सुरू झाले. गुड मॉर्निंग, गुड गर्ल, गुड फ्रॉक. तिच्या मांडीवरच्या मांजरालाही गुड कॅट म्हणून झालं. पोर खुदुखुदू हसली. पण साठा बघता बघता संपला आणि ती निरोपाचा हात हलवू लागली.

"गुड..." म्हणून आजोबा कपाळाला आठ्या घालून छताकडे बघत राहिले. त्यांना शब्द आठवत नाहीये असं वाटून तिने हात खाली घेतला आणि शहाण्यासारखी थांबून राहिली.

गुडबाय त्यांना पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं.