उजव्या पायाचं हाड

डावा पाय खाली, उजवा पाय वर
दोन पायांवर बाई, माह्यं तरलं वं घर

हा आवाज सासूचा, बायजाबाईचा. चाळीस वर्षं तरी झाली असतील. उमरेडच्या घरी हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून ती पायाखालच्या पावड्या दाबायची आणि गात गात नव्या सुनेचे पाय ठेक्यात आणायची. ती सून, तुळजाबाई, आता साठीला आली होती. माग केव्हाच मोडीत गेला होता. शहरात, सदर भागातल्या दवाखान्याच्या पलंगावर बसून ती आपल्याच उजव्या पायाकडे परक्यासारखी पाहत होती. अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलेला. त्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं, चपलेच्या पट्ट्यानं घासून लाल झालेलं.

आज ते हाड कापणार होते.

काय काय होणार ते डॉक्टरांनी दीड महिन्यापूर्वीच कागदावर पाय काढून सांगितलं होतं. कमरेत सुई देऊन पाय बधिर करायचा. अंगठ्याच्या बाजूनं चिरा, हाड कापून सरळ करायचं, बारीक स्क्रूनं धरून ठेवायचं. सुईचा अंमल उतरला की ठणका लागेल, त्याला गोळ्या आहेत. पंधरा दिवस पाय उशांवर उंच, मग टाके काढायचे. दीड महिना खास चप्पल घालून टाचेवर भार देत चालायचं.

"सूज चार-सहा महिने रेंगाळेल, मावशी. बोट जरा ताठ वाटेल. अन् पाय लग्नातल्यासारखा दिसेल, असं काही मी कबूल करत नाही. दुखणं कमी होईल, तेवढं धरून चला."

मग त्यांनी विचारलं होतं, "तंबाखू, खर्रा? तंबाखूनं हाड नीट जुळत नाही. खात असाल तर आजपासून बंद. नाहीतर ऑपरेशन पुढं ढकलू."

तुळजाबाईचे ओठ हलायच्या आत तिची लेक मोनाली बोलली होती, "छे हो डॉक्टर! आमच्या घरी खर्ऱ्याचं नाव नाही काढत कोणी. बाबा त्याच्यानंच गेले."

खरंच होतं ते. बळीराम तोंडाच्या कॅन्सरनं गेला. शेवटी शेवटी पाणीसुद्धा चमच्यानं. तुळजाबाई त्याच्याशी जन्मभर भांडली, पुड्या नालीत फेकल्या, शपथा घातल्या. तेरावं झाल्यावर त्याचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात एक पुडी निघाली. सुपारी, चुना, तंबाखू. तो माणूस दारातून आत यायचा तोच वास. तिनं चिमूटभर तोंडात टाकली आणि मोरीत बसून रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमूटभर. पुडी संपली, वास संपू नये म्हणून दुसरी आणली. सहा वर्षं झाली त्याला.

डॉक्टरांकडून आल्यावर तिनं खर्रा सोडून पाहिला. नऊ दिवस निभले. दहाव्या दिवशी डोकं भणभणलं आणि पाय आपोआप चौकातल्या पानठेल्याकडे वळले. काल दुपारीही वळले. पण पोळ्या लाटताना, केस विंचरताना ते 'जुळत नाही' मध्येच आठवायचं आणि हातातलं काम थांबायचं.

"काहून वं आई, एवढी गप बसून राहिली?" मोनाली फाइल घेऊन आत आली. "भेव वाटते?"

"मले कायचं भेव? तू आडवी आली होती पोटात, तवा नाही भ्याली."

"घ्या! माह्यावरच आणली गाडी." मोनाली हसली. "अठरा दिवसांची सुट्टी टाकली म्या. बुटीबोरीच्या कंपनीतला आमचा सुपरवायझर म्हणे, आईचा पाय हाय का हत्तीचा?"

तुळजाबाईला हसू आलं नाही. ही सुट्टी लेकीनं वर्षभर साठवली होती. खरं सांगून आज तसंच परत गेलो तर पुन्हा कधी मिळायची?

भावना सिस्टर फॉर्म घेऊन आली. "मावशी, बांगड्या काढल्या? दात सगळे पक्के? सकाळपासून पोटात काही नाही ना?"

"काही नाही."

"शुगर?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही, सिस्टर," मोनाली खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली. इतक्या सहज, इतक्या विश्वासानं.

पेन कागदाला टेकलं. तुळजाबाईच्या डोळ्यांपुढं तो स्क्रू आला. आत, न जुळलेल्या हाडात, एकटाच. आणि बापाच्या अंथरुणाशी बसून त्याचं तोंड पुसणारी मोनाली आली. बोललं तर ही पोरगी मोडेल. नाही बोललं तर पाय. अन् पाय नाही जुळला तर डॉक्टर पुन्हा विचारतीलच, तेव्हाही हीच 'नाही' म्हणेल, छातीठोकपणे, आईसाठी.

तिनं सिस्टरचं मनगट धरलं.

"थांब वं पोरी. 'नाही' नको लिहू."

"काय झालं, मावशी?"

पण तुळजाबाई तिच्याकडे पाहत नव्हती. खिडकीपाशी मोनाली वळली होती, चेहऱ्यावर अजून ते अर्धं हसू.

"मोना, इकडं पाह्य माह्याकडं. तुह्या बापाच्या मागून मी खर्रा खाते. सहा वर्षं झाली. कालही खाल्ला."