नावालाच सेफ्टी

मित्रांनो, मी एक जुना सेफ्टी रेझर आहे, आणि माझ्या नावातला ‘सेफ्टी’ हा शब्द कोणी नाक मुरडून उच्चारला की माझं डोकं फिरतं. आधी ऐकून घ्या, मग हसायचं तर खुशाल हसा.

माझे भाग तीन. वर वाकलेली टोपी, तिच्याखाली दातेरी पट्टी आणि धरायला दांडी. टोपी आणि पट्टी यांच्या मधे ब्लेड बसतं. ते वस्तऱ्याच्या पात्याइतकंच धारदार असतं, उगाच गैरसमज नको. फरक पडतो तो पट्टीमुळे. तिचे दाते धारेपुढे उभे राहतात, कातडीला अडवतात आणि केसांना आत येऊ देतात. धार बाहेर डोकावते ती जेमतेम दोऱ्याएवढी. त्याहून जास्त आली तर रक्त येईल, आणि अजिबात आली नाही तर आयुष्यभर गालावर फिरवा, एक केस निघणार नाही. त्या दोऱ्याएवढ्या जागेचं नाव सेफ्टी. माझी चकाकी वगैरे सगळी वरवरची.

कारखान्यात तपासणीवर एक बाई होत्या. प्रत्येक पट्टीच्या दात्यांवरून त्या नख फिरवायच्या. एक दाता जरासा तिरका आहे म्हणून माझी पट्टी त्यांनी दोनदा परत पाठवली. तेव्हा त्या मला भारी खडूस वाटल्या होत्या. आज मी त्यांना मानतो.

मला विकत घेतलं ते एका तरुण घड्याळजीने. तोवर तो वडिलांचा वस्तरा वापरायचा आणि गालावर कापसाचे बोळे चिकटवून दुकानात बसायचा. गिऱ्हाइकं घड्याळ बाजूला ठेवून त्याच्या तोंडाकडेच बघत राहायची. मी आलो आणि कापूस गेला. पुढची चाळीस वर्षं रोज सकाळी त्याने मला सुटं केलं, धुतलं, पुसलं आणि घड्याळाची चाकं मांडावीत तसं टॉवेलवर ओळीने मांडलं. त्याची लेक शाळेत निघण्याआधी त्याच्या गालाला गाल लावून बघायची आणि गंभीर चेहऱ्याने ‘पास’ म्हणायची. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी फुगून जायचो.

मग घड्याळजी म्हातारे झाले. एका आजारपणात त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली आणि डावा थोडा थरथरू लागला. लेक आता मोठ्या ऑफिसात होती. ती त्यांच्याजवळ राहायला आली आणि सगळी कामं तिने अंगावर घेतली. एका सकाळी घाईघाईत तिने मला धुऊन पुसून जोडलं. घड्याळजींनी चष्मा काढून ठेवला होता आणि लेकीच्या कामावर त्यांचा विश्वास होता. डाव्या हाताने त्यांनी मला गालावर ठेवलं, आणि हनुवटीपर्यंत लांबच लांब कापलं गेलं. फेस लाल झाला.

लेक घाबरली. “नावालाच सेफ्टी,” असं पुटपुटत तिने मला बटणांच्या डब्यात टाकलं. पण मला खरा राग आला तो नंतर. फोनवर ती भावाला सांगत होती की बाबांचा हात आता कामातून गेला. घड्याळजी शेजारीच बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि खरं मानलं. त्यानंतर ते भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देईनात, पेन उचलेनात, चहाचा कपसुद्धा लेकीनेच धरायचा. एक सलूनवाले घरी येऊन त्यांची दाढी करू लागले. घड्याळजी डोळे मिटून बसायचे. आरसा त्यांनी मागितलाच नाही.

मला तोंड असतं तर मी डब्यातून ओरडलो असतो. चूक माझी नव्हती आणि त्या हाताचीही नव्हती.

एके दिवशी सलूनवाल्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं. लेकीने डबा पुढे केला. बटण शोधता शोधता त्यांच्या हाती मी लागलो. जुनी वस्तू म्हणून त्यांनी मला कौतुकाने वर धरलं, मग डोळे बारीक केले. माझी टोपी, माझी पट्टी त्यांनी दोनदा निरखून पाहिली.

“ताई, याची पट्टी उलटी बसवली आहे,” ते म्हणाले. “दाते खाली गेलेत. धार पूर्ण उघडी आहे. याने माझाही गाल कापला असता.”

लेक खुर्चीवर बसली. ती म्हणाली, “ती मीच बसवली होती.”

घड्याळजींनी डोळे उघडले. त्यांनी डावा हात पुढे केला. सलूनवाल्यांनी मला त्या हातावर ठेवलं आणि आपली पेटी बंद केली. मला सुटं करायला, पट्टी सुलट लावायला आणि नवं ब्लेड घालायला घड्याळजींना पाऊण तास लागला. दोनदा माझी टोपी जमिनीवर पडली. लेकीने दोन्ही वेळा उचलून दिली, पण जोडून दिली नाही. फेस लावून झाल्यावर मात्र तिला राहवेना, तिने त्यांचं मनगट पकडलं.

“कोपर धर,” घड्याळजी म्हणाले. “हात सोड.”

तिने हात सोडला आणि कोपराला तळवा टेकवला, माझ्या पट्टीएवढाच आधार. मी गालावरून खाली आलो. हात थरथरत होता, ते मी नाकारत नाही. पण माझे दाते जागेवर होते. हनुवटीखाली दोन खुंट राहिले, रक्ताचा थेंब नाही. लेकीने गालाला गाल लावला. गंभीर चेहऱ्याने ती म्हणाली, “पास.”

तर मित्रांनो, मला जपून डब्यात ठेवू नका, म्हाताऱ्या हातांनाही ठेवू नका. कापलं गेलं तर आधी माझी पट्टी बघा, मग कोणाला काय म्हणायचं ते म्हणा. तिथे दोष सापडला नाही, तर मी मान खाली घालीन. आजवर ती वेळ आलेली नाही.