पावणेदोन कप

पाटीवरचं गणित पाटीबरोबरच पुसलं जातं, ओट्यावरचं अंगात मुरतं, असं बारकीच्या आईचं ठाम मत होतं. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेली बाई ती. घरातही अंदाजपंचे काही खपवून घेत नसे.

नव्या शाळेत तीन महिने झाले तरी बारकी डबा एकटीच खायची. तिच्या नवव्या वाढदिवसाला पाच जणी यायला तयार झाल्या, त्यात वर्गाची मॉनिटरही. आज यांना मजा आली, तर सोमवारी डबा खायला या आपल्याला बोलावतील, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं. केक मात्र तिनंच करायचा, असं आईचं फर्मान होतं.

कागदावर आईनं मुद्दाम अक्षरांत लिहिलं होतं, मैदा पावणेदोन कप. बारकीनं डोकं चालवलं. पाव आणि दोन. तिनं दोन कप काठोकाठ भरून ओतले आणि वर पाव कप. शेजारी बेदाणे निवडणाऱ्या आईचा हात थबकला. बाबांच्याही लक्षात आलं, पण आईनं नुसतं पाहिल्यावर ते वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले.

"बरोबर ना गं, आई?"

"तुझं तू बघ."

मिश्रण ढवळता ढवळता बारकीचा हात भरून आला. ओव्हनमधून केक निघाला तो भेगाळलेला. पहिल्याच घासाला मॉनिटरला ठसका लागला. एकीनं पाणी मागितलं, मग सगळ्यांनीच. तेवढ्यात आई मापाचा कप घेऊन बाहेर आली आणि पाची जणींसमोर तिनं विचारलं, पावणेदोन म्हणजे किती?

"दोन आणि पाव," बारकी म्हणाली.

"ते सव्वादोन. दोनाला पाव कमी, ते पावणेदोन. ओतलंस तेव्हाच दिसलं होतं मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर विसरली असतीस."

सोमवारी मधल्या सुट्टीत मॉनिटरनं तिला लांबूनच हाक मारली. "ए सव्वादोन, आज डब्यात काय, विटा?" अख्खा बाक खिदळला. शाळा सुटेपर्यंत शेजारच्या वर्गातही तेच नाव पोचलं होतं.

घरी येऊन बारकीनं ते आईला सांगितलं. आई खरोखरच सुखावली.

"बघ," ती म्हणाली, "त्यांचंही पाठ झालं."