बटूची पाठ

पलंगावर टेपचे सहा तुकडे मांडले होते: चार लांब, दोन आखूड. सगळ्यांचे कोपरे कात्रीनं गोल केलेले, कारण टोकदार कोपरा बनियनमध्ये अडकतो आणि तिथूनच टेप सुटू लागते. शेजारी कात्री, स्पिरिटची बाटली, कापूस आणि उरलेला रोल. खोक्यावर टेपचा रंग 'त्वचेचा' म्हणून छापला होता, पण असल्या फिक्या गुलाबी त्वचेचं माणूस हिमानीच्या सात पिढ्यांत झालं नसावं. पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळलेला एक पट्टा होता. तो तिनं मोजणीत धरला नाही.

"पाठ कर इकडं," ती वरदला म्हणाली.

वरद तिचा धाकटा भाऊ, वय तेरा. उद्या त्याची मुंज होती. आठव्या वर्षी करायची ठरली तेव्हा टाळेबंदी लागली, नवव्या वर्षी आजोबा गेले, आणि त्यानंतर ती का लांबत गेली हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. कारण वरदच्या पाठीत होतं, आणि ते पहिल्यांदा हिमानीलाच दिसलं होतं. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला असताना सराव म्हणून तिनं त्याला हात जोडून पुढं वाकायला लावलं. पाठीची उजवी बाजू, पोळपाटाच्या एका पायाखाली काहीतरी सरकवावं, तशी वर आली. नीट उभा राहा म्हणून ती आधी त्याच्यावर ओरडली. मग एक्स-रे काढला. मणक्याचा बाक सतरा अंश निघाला. गेल्या ऑक्टोबरात तो चोवीस झाला.

हाडांचे डॉक्टर अभय यांनी तेव्हा स्वच्छ सांगितलं होतं. "याची उंची अजून दोन-तीन वर्षं वाढणार. उंचीबरोबर बाकही वाढू शकतो. म्हणून पट्टा, रोज अठरा तास. बाक चाळिसाच्या पुढं गेला तर ऑपरेशनचं बोलावं लागेल. मणक्यात स्क्रू आणि सळ्या."

"गंजत नाहीत का ते?" वरदनं विचारलं होतं.

पट्टा म्हणजे काखेपासून कंबरेपर्यंतचं कडक प्लास्टिकचं कवच, मागं तीन बंद. दारावरची बेल वाजली की दोघांची आई दमयंती आधी "पट्टा, पट्टा" असं दबक्या आवाजात म्हणायची आणि मग दार उघडायला जायची. तेवढ्यात वरद तो काढून पलंगाखाली ढकलायचा. ज्योतीनगरातल्या त्या घरात नातेवाईक पुष्कळ यायचे, आणि त्यांतल्या एकालाही हे माहीत नव्हतं.

जानेवारीत पैठणला एका साखरपुड्यात चुलतभावाच्या बायकोनं, मेघावहिनीनं, जेवणाच्या पंगतीत विचारलं, "वरद असा एका बाजूला कलून का उभा राहतो गं? आणि तू तर त्यातलीच डॉक्टर ना?" शेजारच्या दोघी हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. हिमानीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याच आठवड्यात ती काम करत होती त्या क्लिनिकमधून टेपचा रोल घरी आला.

टेप काय करते हे तिला पक्कं ठाऊक होतं. कातडीवर ताणून लावलेली टेप माणूस वाकला की ओढ देते, आणि त्याला ताठ व्हायची आठवण होते. पदराला मारलेल्या गाठीसारखं. गाठ आठवण देते, काम करत नाही. हे तिनं परीक्षेत लिहून दहापैकी नऊ गुण मिळवले होते. तरी तिनं वरदच्या पाठीचे दोन फोटो काढले, एक टेपशिवाय आणि एक टेप लावून. पहिल्यात उजवा खांदा चांगला वर होता, दुसऱ्यात जवळजवळ बरोबरीला. दुसरा फोटो काढण्याआधी ती त्याला म्हणाली होती, "ताठ उभा राहा." पहिल्याच्या आधी म्हणाली नव्हती. असलं काही दुसऱ्या कुणाच्या प्रकल्पात सापडलं असतं तर तिनं लाल पेनानं गोल केला असता.

दमयंतीनं दोन्ही फोटो मोठे करकरून पाहिले. "मग हा सांगाडा कशाला घालायचा पोराला? घामानं अंगाला वास मारतो त्याच्या."

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. हिमानी दुसरंच बोलली. "मुंजीपर्यंत टेपवर चालेल."

मुंज एप्रिलात होती.

आता ती टेपचा कागद सोलत होती. टोकं न ताणता चिकटवायची, मधला भाग ताणायचा, मग तळहातानं घासायचं म्हणजे उबेनं गोंद पकडतो.

"उद्या उघडं बसायचंय ना?" वरदनं भिंतीकडं तोंड करून विचारलं.

"उपरणं असतं."

"होमाला काढतात. मी बघितलंय."

"टेप आहे ना. खांदा सरळ दिसेल."

"दिसेल का होईल?"

हिमानी टेप घासत राहिली.

"आणि डॉक्टरांनी विचारलं, पट्टा का नाही घातला, तर?"

"मी बघते ते," ती म्हणाली.

सकाळी गारखेड्याच्या कार्यालयात सनई लागली तेव्हा हिमानी खाली दारात पाहुण्यांना अत्तर लावत होती. तिनं सगळा विचार करून ठेवला होता. आंघोळीनं ही टेप निघत नाही, घामानं निघत नाही, होमाच्या धगीनंही एवढ्यात निघणार नाही. वर आली तर बटूच्या खोलीत वरद पाटावर बसलेला, नाकाला हळद, आणि मागं लासूरची आत्या बाह्या सावरून तेल चोळत होती.

"अगं हिमे, पोराच्या पाठीला काय डकवलं होतंस गं? तेल मुरंनाच. लई चिवट. ओढून काढलं सगळं."

"काढलं?"

"मग काय, चिकटपट्टीवर हळद लावू?"

पाटाशेजारी सहाही तुकडे पडले होते. पिवळे, मुरगळलेले, एकमेकांना चिकटलेले. लहानपणापासून तिनं स्वतः किती बटूंच्या, किती नवरदेवांच्या पाठीला तेल-हळद लावली होती. हीच गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

"मार लागलाय काय त्याला?" आत्यानं विचारलं. खोलीतल्या बाकीच्या बायकाही थांबल्या.

"क्रिकेट खेळताना लचक भरली होती," हिमानी म्हणाली.

हळदीची वाटी धरून उभी असलेली दमयंती लगेच म्हणाली, "हो ना. परवाच."

वरदनं आधी आईकडं पाहिलं, मग बहिणीकडं.

बायका चहाला गेल्यावर हिमानीनं दाराला कडी लावली. स्पिरिटचा बोळा पाठीवरून फिरवला, तो पिवळा झाला. दुसरा पिवळा झाला. तिसराही. नवे तुकडे कापले, पण टेप लावावी आणि तिची कड हळूच वर यावी, असं चाललं. शेवटी तिनं टोकापासूनच जोरात ताणून एक तुकडा दाबला. असं करायचं नसतं हे ती क्लिनिकमध्ये शिकाऊ मुलींना सांगायची. तो वाकडा बसला म्हणून ओढून काढला, तर खाली नखाएवढं साल निघालं. वरदनं दातांतून श्वास ओढला.

दारावर थाप पडली. न्हाव्याचा आवाज आला, "चलो बेटा, गुरुजी बोम मार रैं!"

"राहू दे ताई."

"एक मिनिट."

"राहू दे ना. नाही चिकटत ती. आणि क्रिकेट कशाला सांगितलंस? आता तात्यासाहेब विचारत बसतील, बॉलिंग का बॅटिंग. मला तर नियमसुद्धा येत नाहीत."

हिमानीनं पुन्हा स्पिरिटची बाटली उघडली.

"तू क्लिनिकमध्ये लोकांच्या पाठी बघतेस ना?" वरदनं विचारलं.

"हो. का?"

"माझी नाही बघत. नुसती टेप बघतेस."

घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं तो हे बोलला, आणि कडी काढून मुंडणाला गेला.

मंगलाष्टकांच्या वेळी ती खांबाशी उभी राहिली होती. आत्यानं तिच्या हातात कलश आणि दिवा दिला आणि तिला दंडाला धरून पुढं आणलं. "करवली बटूच्या पाठीमागं उभी राहती. तिकडं कुठं लपतीस?"

म्हणून ती वरदच्या मागं उभी राहिली. समोर अंतरपाट, त्याच्या पलीकडं वडील मधुसूदन. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर ती पाठ. उपरणं खांद्यावरून घसरलं होतं. अक्षता पडत होत्या, त्यांतल्या काही ओल्या पाठीला चिकटत होत्या. हिमानीला दुसरीकडं पाहता येईना. मानेच्या मणक्यापासून तिची नजर खाली निघाली, मध्ये उजवीकडं गेली, कंबरेपाशी परत आली. उजव्या खांद्यामागचा खवाटा पंखासारखा वर आला होता. निघालेल्या सालीच्या जागी लाल ठिपका होता. जानेवारीपेक्षा बाक वाढलेला होता. हे तिला आजच कळलं असं नव्हतं. जानेवारीनंतर तिनं एकही फोटो काढला नव्हता.

होमाला वरद लंगोटी नेसून, कंबरेला मुंजेची दोरी बांधून उघडा बसला, हातात पळसाचा दंड. पहिल्या रांगेत वडिलांचे काका, तात्यासाहेब, बसले होते. वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र अजून कोर्टातल्या बेलिफाचा.

"बटू, ताठ बस!"

वरद ताठ झाला. थोड्या वेळानं खांदा पुन्हा होता तिथं आला.

"अरे ताठ! त्या दंडाकडं बघ, कसा आहे!"

मांडवात हसू पसरलं. वरदची मान लाल झाली. हिमानी त्याच्या मागं, दमयंती शेजारी.

"काय रे, ब्रह्मचारी ना तू? असा पोतं टाकल्यासारखा काय बसतोस? लचक भरली तर शेकून घे घरी."

वरदनं मान वळवली. "आजोबा, माझी पाठ एवढीच सरळ होते. मणका वाकडाय माझा. लचक नाही भरली. मला पट्टा आहे, तो घरी आहे."

गुरुजींची पळी तुपाच्या वाटीवर तशीच थांबली. आत्यानं दमयंतीकडं पाहिलं. दमयंतीनं खाली, रांगोळीकडं.

"बरं बरं," तात्यासाहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मग मघाशीच नाही का सांगायचं? ए, त्याला खाली घ्यायला काहीतरी द्या रे. पाट टणक असतो."

मधुसूदननी आपलं उपरणं घडी करून मुलाच्या खाली पाटावर सरकवलं. लचकेचं त्यांना काही ठाऊकच नव्हतं. ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "लचक कुणी सांगितली?"

खरं सांगायला हीच जागा होती. हिमानीनं तुपाची वाटी गुरुजींच्या पुढं सरकवली. मंत्र पुन्हा सुरू झाले.

भिक्षावळीला आत्या वरदच्या झोळीत लाडू घालताना म्हणाली, "बाबा, मला काय ठावं. लई रगडली रे तुझी पाठ." तो म्हणाला, "नाही, बरं वाटलं." हिमानीची पाळी आली तेव्हा तिनं झोळीत पेन टाकलं आणि त्याच्या गोट्यावरच्या शेंडीकडं पाहत पुढं सरकली.

चारच्या सुमाराला सगळे घरी आले. पाहुणे पांगले होते. हिमानीनं पलंगाखालून चादर ओढली आणि पट्टा पुसला. वरदला घातला. खालचा बंद लागला, मधला ओढून लागला, वरचा लागेना. वरद वाढला होता.

"आई, बाबा, इकडं या जरा," ती म्हणाली. मोबाईलवरचे ते दोन फोटो तिनं काढून समोर धरले. "दुसऱ्याच्या आधी मी त्याला ताठ उभा राहा म्हटलं होतं. पहिल्याच्या आधी नव्हतं म्हटलं."

मधुसूदननी चष्मा लावला. "म्हणजे टेपनं काही…?"

"टेपनं बाक थांबत नाही. पट्ट्यानं थांबण्याची शक्यता असते. मला माहीत होतं."

"पट्टा काढ असं मीच म्हणाले होते," दमयंती म्हणाली. तिच्या अंगावर अजून मुंजीचा शालू होता, आणि त्याच्या पदरानं ती तोंड पुसत होती.

"तुला माहीत नव्हतं आई. मला माहीत होतं. मेघावहिनीनं पंगतीत विचारलं म्हणून…" तिनं मोबाईल पलंगावर उपडा ठेवला.

वरद पट्ट्यात अवघडून उभा होता. "आता हा काढू का?" त्यानं विचारलं. "काखेत रुततोय."

सोमवारी डॉक्टर अभय यांच्या टेबलावरच्या काचेवर नवा एक्स-रे लागला. त्यांनी काही विचारण्याआधीच हिमानी म्हणाली, "जानेवारीपासून पट्टा नाही घातला सर. त्याच्याऐवजी मी टेप लावत होते. निर्णय माझा होता."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, मग वरदकडं, त्याच्या गोट्याकडं. "मुंज झाली वाटतं. अभिनंदन." पेन्सिल आणि कोनमापक त्यांनी टेबलावरून हिमानीकडं सरकवलं. "मोज."

"सर, तुम्ही…"

"तू मोज. मग मी मोजतो. मागचा चोवीस होता."

दोन मोजणाऱ्यांत तीन-चार अंशांचा फरक पडतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं बाकाच्या वरच्या टोकाचा मणका शोधला, त्याच्या वरच्या कडेवरून रेघ ओढली. खालच्या टोकाचा मणका शोधला, त्याच्या खालच्या कडेवरून दुसरी. ती जरा तिरकी गेली म्हणून खोडून पुन्हा ओढली. मग दोन्हींवर लंब टाकले आणि ते जिथं छेदले तिथं कोनमापक ठेवलं. वरद तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. तिनं आकडा कागदावर लिहून कागद पालथा घातला. डॉक्टरांनी तिच्या रेघा पुसल्या, आपल्या ओढल्या, मोजलं, आणि कागद उलटला.

हिमानीचं माप एकतीस अंश. डॉक्टरांचं माप एकतीस अंश.