कापसाचा चौकोन

गिरिजेनं जुन्या सुती साड्या माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "आई, एक गोधडी शिवा ना." तेव्हाच मला शंका आली. ही माझी सून. डब्लिनच्या या घरात माझी गोधडी तिनं कधी अंगावर घेतली नाही. तिला दुकानातली पिसांची लागते.

उन्हाळ्यात गावी गेले होते, तिथे डास चावला आणि मला मेंदूचा ताप आला. बरी झाले. पण माझ्या चारुदत्तानं शेगडीच्या बटणांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या, घरात रांगतं मूल असल्यासारख्या. ज्या हातांनी ह्याला वाढवला, त्यांना चहाचीसुद्धा बंदी.

गिरिजा युनिव्हर्सिटीत उंदरांना असलाच ताप आणते आणि त्यांच्या मेंदूचं काय होतं ते बघते. त्याचा पगार मिळतो म्हणे. हल्ली घरातही तिची नजर तशीच, माझ्या हातांवर.

मी साड्या कोपऱ्यात ढकलल्या. मग एकदा जेवताना नातीनं, अनिकानं, आजारी उंदीर कसा ओळखतात ते विचारलं. गिरिजा सांगायला लागली. पिंजऱ्यात कापसाचा चौकोन ठेवतात. धडधाकट उंदीर तो कुरतडून रातोरात घरटं करतो. ज्याच्या डोक्यात विषाणू शिरला, त्याचा चौकोन तसाच पडून राहतो.

माझा घास हातातच राहिला.

"साड्या त्यासाठी दिल्यास?"

"आई, तसं काही नाही," चारुदत्त मध्ये बोलला.

"तुला नाही विचारलं."

गिरिजेनं मान वर केली. "हो. बघायचं होतं मला."

खोटं तरी नाही बोलली.

दुसऱ्या दिवशी सुई घेतली. अंगठ्याला सुई टोचली तरी कळेना. टाके झिंगल्यासारखे जात होते. उसवावेत असं वाटलं, पण तेवढी ताकद पुढच्या ओळीला वापरली. दुपट्याएवढी झाली तेव्हा तिच्यापुढे टाकली. "घे, मार्क दे."

पठ्ठीनं ती उलटी केली. गोधडीचं खरंखोटं मागच्या बाजूला दिसतं, हे हिला कोणी सांगितलं कुणास ठाऊक. वेड्यावाकड्या कडेपासून सरळ झालेल्या कडेपर्यंत तिनं बोट फिरवलं. मग उठली आणि शेगडीची एक टोपी काढली. एकच.

"मी घरात असेन तेव्हाच," म्हणाली.

मी चहा टाकला. गाळताना ती माझ्या मनगटाकडे बघत होतीच. कप घेऊन सोफ्यावर बसली आणि गोधडी पायांवर ओढली. म्हणे थंडी वाजतेय.

हीटर चालू होता. मीही बघून ठेवलं.