आत जाणारं ताट

सकाळी त्या घरात धांदल असायची, भांडण मात्र कधी नसायचं. नवरा डबे भरायचा, मोठा मुलगा मोजे शोधायचा, धाकटी लेक दूध न पिण्याची नवनवी कारणं शोधायची, आणि सूनबाई एकीकडे केस विंचरता विंचरता दुसरीकडे एक ताट वाढून झाकायची. ते झाकलेलं ताट आत जायचं. मागच्या खोलीत, सासूबाईंकडे.

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? तेच तर! वाईट काही नव्हतंच. ताट गरम असायचं, औषधं वेळेवर मिळायची, खोलीला खिडकी होती आणि गादी मऊ होती. सासरे होते तोवर दोघं म्हातारा-म्हातारी सगळ्यांबरोबर टेबलाशी जेवायची. सासरे गेले, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ संपली, आणि कुणीतरी म्हणालं, "आई, तुम्ही आता आराम करा. उठबस कशाला? ताट आत आणून देत जाऊ." प्रेमानंच म्हणालं. मग जुनं टेबल गेलं आणि नवं, चार खुर्च्यांचं, आलं. सासूबाईंना कुणी हाकललं नाही. त्या आराम करायला आत गेल्या आणि आतच राहिल्या. पूर्वी विधवेला कोपऱ्यात बसवायचे, तेव्हा निदान चार शहाणी माणसं त्याला छळ म्हणायची. आपण सुधारलो. आपण कोपऱ्यात पंखा लावून देतो आणि त्याला आराम म्हणतो.

बरं, सूनबाई काही दुष्ट नव्हती. तिची नोकरी तर मोठ्या पुण्याची. पाणथळ जागा आणि तिथली पाखरं वाचवणारी एक संस्था होती, तिथे मोठ्या देणगीदारांचं काम तिच्याकडे होतं. पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडायचं काम नव्हे हे. ज्यांच्याकडे देण्यासारखं खूप आहे अशी माणसं शोधायची, त्यांच्याकडे चहाला जायचं, त्यांचं ऐकायचं, पुन्हा जायचं आणि पुन्हा ऐकायचं. मागायचं अगदी शेवटी, आणि तेही असं की देणाऱ्याला वाटावं, हे आपल्यालाच सुचलं! या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऑफिसात तिचं नावच पडलं होतं, 'मधाचं बोट'. तिला त्याचा राग येत नसे. पाखरांसाठी लावलेलं बोट, त्यात कसली लाज?

ऑफिसची एक रीत मात्र सांगायला हवी. देणगीची सही झाली, की तो माणूस 'आभार विभागा'कडे जायचा. तिथून त्याला दर वर्षी पाखराचं चित्र असलेलं एक कार्ड जायचं. कार्ड जायचं, माणूस कुणी जायचं नाही. "सही झालेल्याच्या घरी चहा पिणं म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी बघायला जाणं," असं साहेब म्हणायचे आणि सगळे हसायचे. सूनबाईसुद्धा हसायची.

तर या सूनबाईकडे सध्या तळ्याकाठच्या बाई होत्या. एका डॉक्टरांच्या विधवा पत्नी. घर जुनं, मोठं, आणि घरामागची त्यांची जमीन थेट तळ्याच्या पाण्यात उतरत गेलेली. तिथल्या लव्हाळ्यात पाणकोंबड्या आणि बगळे घरटी करायचे. त्या जमिनीवर एका बिल्डरचा डोळा होता. ती गेली असती तर तळ्याचा गळाच दाबला गेला असता. बाईंचा मुलगा लांब, परदेशात. घरात त्या आणि एक कामवाली.

सूनबाई त्यांच्याकडे वर्षभर जात होती. बाईंना डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून ती उजवीकडे बसायची. त्या चहात अर्धाच चमचा साखर घेतात, डॉक्टरांचा विषय निघाला की आधी हसतात आणि मग रडतात, हे सगळं तिला पाठ होतं. आणि ते ढोंग नव्हतं हो! तिला बाई खरंच आवडायच्या. नुसतं ढोंग असतं तर पुढचं तिला इतकं लागलं नसतं.

एकदा बाईंनी विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण असतं गं?"

"सासूबाई असतात ना. आमच्यातच. रात्रीची जेवणं सगळ्यांची एकत्र. आई येऊन बसल्याशिवाय ताटंच वाढायची नाहीत, असा आमच्याकडे नियमच आहे."

कुठून आला हा नियम? जिभेवरून आला. समोरच्या माणसाला काय ऐकायला आवडेल, ते त्या जिभेला सवयीनं कळायचं. बाईंचे डोळे भरून आले. ते पुसून त्या म्हणाल्या, "जमीन देते मी. या शुक्रवारी वकिलाकडे जाऊ. पण त्याआधी तुझ्या सासूबाईंना एकदा घेऊन ये. ज्या घरात म्हातारीला मान आहे, त्या घरातल्या मुलीच्या हाती जमीन देताना मला बरं वाटेल."

आता आली का पंचाईत! साहेबांना मात्र ऐकून आनंद झाला. "अरे वा, दुधात साखर! घेऊन जा की. फक्त नीट पढवून ने. म्हाताऱ्या माणसांचा नेम नसतो, नको ते बोलून बसतात."

त्या संध्याकाळी सूनबाई मागच्या खोलीत गेली आणि बसली. ताट न घेता आली आणि बसली, म्हणून सासूबाई घाबरल्याच.

"काय झालं? कुणाला बरं नाही का?"

"सगळे बरे आहेत, आई. उद्या माझ्याबरोबर एका बाईंकडे यायचंय. याल ना?"

"मी?" सासूबाईंनी खुर्चीवरचे कपडे उचलून उगाच दुसरीकडे ठेवले. "मी कशाला तुमच्यात? मला कुठं बोलता येतं चांगलं."

मग सूनबाईनं त्यांना पढवलं. त्यांच्या उजवीकडे बसा, डावा कान कमी आहे. साखरेचा आग्रह करू नका, अर्धाच चमचा घेतात. आणि घरी आपण एकत्र जेवतो का, असं विचारलं, तर... इथं तिची जीभ अडखळली.

"हो म्हणायचं," सासूबाईंनीच सांगून टाकलं. "कळलं गं मला. आणि कानाचं म्हणशील तर माझाही डावाच गेलाय. दोघी एकमेकींच्या उजवीकडे बसायला बघू आणि गोल गोल फिरत राहू!"

त्या स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसल्या. सासूबाई विनोद करतात, हे सूनबाई विसरूनच गेली होती. आणि कानाचं तर तिला माहीतच नव्हतं. उठताना तिला दिसलं, पलंगावरची उशी उशाला नव्हती, पायथ्याशी होती. म्हातारपणात माणसं काहीतरी करतात, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी तळ्याकाठी पोचल्या. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि कपड्यांना कपाटाचा वास येत होता. बाई दारापर्यंत आल्या. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात धरले आणि मिनिटभरात अशा बोलायला लागल्या, जशा काही एका वर्गातल्या! गुडघे, झोप, दोघींचे डावे कान, डोळ्यांचे थेंब, गेलेले नवरे. एकमेकींच्या उजवीकडे बसायचा विनोद सासूबाईंनी इथंही केलाच. सूनबाईचा जीव भांड्यात पडला.

"भाग्यवान आहात हो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांबरोबर जेवता. काय काय गप्पा होतात तुमच्या?"

सूनबाईनं सासूबाईंना डोळ्यानंच खुणावलं. सासूबाई मात्र खुलल्याच.

"अहो, काय नाही होत? काल नातू म्हणाला, गणिताचा पेपर अवघड गेला. त्याचे वडील म्हणाले, अभ्यास केला नाहीस म्हणून अवघड. मग धाकटीनं वडिलांची नक्कल केली, तर सगळे जे हसत सुटले! मीसुद्धा हसले. परवा हिचं ऑफिसात काहीतरी बिनसलं होतं, फार बोलली नाही बिचारी. चमच्याच्या आवाजावरून कळतं मला."

सगळं खरं होतं. शब्दन् शब्द. गणित, नक्कल, ऑफिसातलं बिनसणं. यांना कसं कळलं? सूनबाई बघतच राहिली.

"एवढं सगळं नीट ऐकू येतं तुम्हाला?" बाईंनी कौतुकानं विचारलं. "मला तर समोरचं माणूसही ऐकू येत नाही."

"युक्ती आहे त्याला," सासूबाई आनंदाच्या भरात सांगून गेल्या. "उशी पायथ्याकडे घ्यायची. मग हा चांगला कान दाराकडे येतो. आणि दार थोडं किलकिलं ठेवलं ना, की टेबलावरचं सगळं..."

त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता हो, भीती होती. पोरीचं काम बिघडवलं, ही भीती.

धरणीनं पोटात घ्यावं असं सूनबाईला झालं. तिला ते चार खुर्च्यांचं टेबल दिसलं, आणि दाराच्या फटीकडे कान करून एकटीच हसणारी म्हातारी दिसली. टेबल घेताना "आईंना काय कळतंय, त्या आतच असतात" असं आपण मोठ्यानं बोललो होतो, तेही तिला आठवलं. तेही दाराआड ऐकू गेलं असणार.

तळ्याकाठच्या बाईंनी चहाचा कप सासूबाईंच्या पुढं सरकवला. "घ्या, निवतोय." मग सावकाश म्हणाल्या, "माझा मुलगा मला रोज फोन करतो. असं मी सगळ्यांना सांगते. दुकानात, डॉक्टरकडे, या कामवालीलासुद्धा. ती बिचारी दिवसभर घरातच असते, तरी मान डोलावते."

सासूबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आणि तू गं मुली?" बाई सूनबाईकडे वळल्या. "शुक्रवारी सही झाल्यावर तू येशील ना माझ्याकडे?"

सूनबाईनं तोंड उघडायच्या आत सासूबाईच घाईघाईनं म्हणाल्या, "येईल हो! न यायला काय झालं? शब्दाची पक्की आहे आमची सून. मला एक दिवस विसरत नाही ती."

हे मात्र तिला सोसवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर ती गप्प राहिली असती. पण जिला आपण आत ढकललं, तीच आपल्या अब्रूवर पांघरूण घालतेय!

"नाही," सूनबाई म्हणाली. "नाही येणार मी. सही झाली की आमच्याकडचं कुणीच जात नाही. वर्षाला एक कार्ड येईल तुम्हाला. आणि आईंचं ताट आम्ही आत देतो. नियमबियम काही नाही आमच्याकडे. मी खोटं बोलले. तुम्हाला बरं वाटेल म्हणून बोलले, आणि तुम्ही जमीन द्याल म्हणूनही बोलले."

"अगं, असं काय बोलतेस!" सासूबाई कळवळल्या.

बाई खिडकीबाहेर पाण्याकडे बघत राहिल्या. लव्हाळ्यातून एक पाणकोंबडी पिलांना घेऊन निघाली होती. ती पलीकडे पोचली.

"सही मी करणार आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "पाखरांनी माझं काही वाईट केलेलं नाही. पण शुक्रवारी तू येऊ नकोस, दुसऱ्या कुणाला पाठव. तुझा राग आला म्हणून नव्हे. त्या दिवशी माझ्याकडचं काम संपलं म्हणून तुला आनंद होईल ना, तो मला बघवायचा नाही." आणि सासूबाईंना म्हणाल्या, "तुम्ही मात्र या. पुढच्या आठवड्यात गाडी पाठवते. एकमेकींच्या उजवीकडे बसायला बघू."

परतताना गाडीत साहेबांचा फोन वाजून वाजून बंद झाला. उद्या त्यांना सांगायचं होतं, की सही झालेल्यांच्या घरीही माणूस जायला हवं, नाहीतर हे काम माझ्याच्यानं व्हायचं नाही. ते तिनं मनाशी ठरवलं होतं, आणि ते सांगणं सोपं होतं. अवघड ते घरी होतं. आणि ते फक्त तिच्याच घरी होतं असं थोडंच आहे? ज्यानं त्यानं आपल्या घरातलं एखादं किलकिलं दार आठवून पाहावं.

घरी कुणी आलं नव्हतं. सूनबाईनं मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली आणि जेवणाच्या टेबलाशी पाचवी म्हणून लावली. "आई, बसा इथं. मी चहा करते."

सासूबाई बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर, पाहुण्या आल्यासारख्या. टेबलाची नवी फळी त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली. ती त्यांनी जवळून कधी पाहिलीच नव्हती.

चहा उकळला. सूनबाईनं साखरेचा डबा उघडला, चमचा भरला, आणि तिचा हात थांबला. इतकी वर्षं एका घरात काढली होती.

"आई," ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही चहात साखर किती घेता?"

"का गं?" सासूबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता तो, मनापासून विचारत होत्या. "अजून कुणाकडे जायचंय का? तसं असेल तर हे कपडे आत्ताच बदलून घडी करून ठेवते. मळायला नकोत."